एलईडी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप: यंत्र झकास, विक्रेता बेपत्ता

आमच्या विभागातला जुना पाऱ्याच्या दिव्याचा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप (रंगवलेला नमुना प्रखर प्रकाशात चमकवून दाखवणारा) म्हणजे डोक्याला ताप. दिवा साधारण 200 तासांत संपायचा, आणि एकदा विझवला की गार होईपर्यंत पुन्हा लावायची सोय नाही. नवा एलईडीवाला बटण दाबताच तयार! कांद्याच्या मुळाचं टोक डॅपीने (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) रंगवून ठेवलं, तर एम.एस्सी.च्या पोरांना गुणसूत्रं निळीशार, अगदी मोजता येतील इतकी स्वच्छ दिसली. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर मात्र रडतखडत चालतं. विक्रेत्याबद्दल काय बोलावं? निविदा निघेपर्यंत रोज फोन, पैसे जमा होताच साहेब गायब. जीएफपीचा (हिरवं चमकणारं प्रथिन) फिल्टर क्यूब, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश जाऊ देणारा काचांचा ठोकळा, अजून यायचाच आहे. घेणार असाल तर प्रत्येक फिल्टर ऑर्डरमध्ये नावानिशी लिहून घ्या आणि प्रात्यक्षिक दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.