गूगल सर्च कन्सोल: फुकट आहे, पण नुसतं जोडून भागत नाही

आपली वेबसाइट गूगलच्या शोधात कशी दिसते हे सर्च कन्सोल दाखवतं; फ्रीलान्सरसाठी याहून कामाचं फुकट साधन नाही. डोमेनच्या (वेबपत्त्याच्या) डीएनएस सेटिंगमध्ये गूगलने दिलेली मजकुराची ओळ, म्हणजे टीएक्सटी रेकॉर्ड, टाकला की मालकी सिद्ध होते. मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. खरा माल ‘परफॉर्मन्स’मध्ये आहे: १६ महिन्यांपर्यंतचे शोधशब्द, क्लिक, सरासरी क्रमांक. ८ ते २० क्रमांकावर अडकलेले, इम्प्रेशन (शोधात दिसण्याची संख्या) भरपूर पण क्लिक नाहीत असे शब्द गाळून काढा आणि त्या पानाचं शीर्षक बदला. नुसतं ‘सेवा’ कोण शोधतंय? ‘लग्नपत्रिका डिझाइन, नाशिक’ लिहा. पान शोधात येतच नसेल तर यूआरएल इन्स्पेक्शन, म्हणजे एकेका पानाची तपासणी, लावा. पुष्कळदा साइट बनवताना टाकलेला नोइंडेक्स (पान शोधात दाखवू नका ही सूचना) तसाच राहिलेला असतो. पान शोधात घ्या अशी विनंती करणारं ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ मात्र पुन्हा पुन्हा दाबून पानाची पाळी लवकर येत नाही. आकडेही थोडे शिळेच मिळतात.