चौरस फुटाचा दर की आयटम रेट?

बांधकामाचं बजेट बसवताना गाडी शेवटी या दोन पद्धतींवरच येते. मी तळमजला मटेरियलसकट चौरस फुटाच्या दराने (म्हणजे क्षेत्रफळाला सगळ्या कामाचा मिळून एकच दर) बांधून घेतला आणि वरचा मजला आयटम रेटने (म्हणजे विटकाम, प्लास्टर अशा प्रत्येक कामाचा वेगळा दर, आणि भरेल त्या मापाचे पैसे), तेव्हा दोन्हींबद्दल थोडं बोलता येईल.

चौरस फुटाच्या दराचं सुख नाकारण्यात अर्थ नाही. नकाशे पुरते तयार नसतानाही आपल्या ऐपतीत केवढं घर बसेल ते चटकन कळतं. करारात भाववाढीचं कलम नसेल तर स्टील महागल्याची डोकेदुखीही ठेकेदाराची. फक्त हा दर घराचा आकार बघत नाही. ३० बाय ३० आणि १५ बाय ६०, दोन्ही ९०० चौरस फूटच. पण पहिल्याच्या बाहेरच्या भिंती १२० रनिंग फूट, दुसऱ्याच्या १५०. उंची १० फूट धरली तर ३०० चौरस फूट भिंत जास्त, वर तिला दोन्ही अंगांनी प्लास्टर आणि रंग. ठेकेदाराने हे धरलं नसेल, तर तो ते दुसरीकडून काढणार, हे ओघानेच आलं.

तरी तेवढ्यावरून मी पद्धत बदलली नसती. मला खटकली ती एक आतली भिंत. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एकत्र करायची ठरली आणि १२ बाय १० ची भिंत रद्द झाली. वजावट मागितली तर उत्तर आलं, "साहेब, क्षेत्रफळ तेवढंच आहे ना? मग पैसे कसे कमी होतील?" पुढे स्टोअरसाठी दुसरीकडे छोटी भिंत हवी झाली, तेव्हा मात्र, "हे एक्स्ट्रा." आणि गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं कराराला धरूनच होती! कागदावर भिंतीचा दरच नव्हता, मग भांडायचं तरी कशाच्या जोरावर? त्यानंतर माळा, कोनाडा, ओट्याची लांबी, प्रत्येक बदलाला नव्याने घासाघीस.

आयटम रेटमध्ये हीच भिंत मापवहीत दोन ओळींत संपते. १२ × १० म्हणजे १२०, वजा दरवाजा ३ × ७ म्हणजे २१, राहिलं ९९ चौरस फूट विटकाम. प्लास्टर दोन्ही बाजूंनी, १९८. दर आधीच ठरलेले.

अर्थात मापं घ्यायला कुणीतरी साइटवर हवं, आणि स्लॅब भरण्याआधी सळ्या मोजायच्या राहिल्या तर नंतर मोजणार काय? (लांबीवरून वजन काढायला १२ मिमीची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो, हे आता पाठ झालंय.) एकूण आकडाही शेवटपर्यंत हलता राहतो. कठीण थर अपेक्षेपेक्षा खोल लागला की खोदाई वाढते आणि पायाचं कामही, म्हणून ५ ते १० टक्के बाजूला ठेवलेले बरे. कोटेशनमध्ये खोदाई-पायाचे दर चढे आणि फिनिशिंगचे पडेल दिसले, तर मात्र सावध. बेरीज इतरांएवढीच दिसते, पण पैसे सुरुवातीलाच निघून जातात आणि शेवटच्या कामांत ठेकेदाराचा जीव राहत नाही.

घर छोटं, नकाशे पक्के आणि घरात कुणीच मन बदलणारं नसेल, तर चौरस फुटाचा दर चालून जाईल. असं घर माझ्या पाहण्यात नाही, एवढंच. त्याच पद्धतीने जायचं असेल तर निदान विटकाम, प्लास्टर, टाइल्स आणि काँक्रीटचे कमी-जास्तीचे दर करारासोबत लिहून घ्या. बाल्कनी आणि जिना क्षेत्रफळात पूर्ण धरणार की अर्धा, तेही.