लूव्र मंगळवारी बंद असतं

ग्रुप टूरने युरोपला निघाला असाल तर कोचमध्ये फिरणाऱ्या पाकिटात रोख पैसे टाकू नका. आम्ही नवरा-बायकोने ३८० युरो टाकले. त्यातले २६४ सरळ सरळ लुबाडले गेले.

हिशेबच मांडतो. पॅरिसला सोमवारी रात्री टूर मॅनेजरने 'ऑप्शनल'ची, म्हणजे जादा पैसे भरून बघायच्या गोष्टींची, हाताने लिहिलेली यादी फिरवली. लूव्र संग्रहालय ५०, पॅरिस बाय नाइट ४०, व्हेनिसला गोंडोला ४५, रोमला 'व्हॅटिकन, सिस्टीन चॅपेलसह' ५५. माणशी १९० युरो, आत्ताच्या आत्ता, रोख.

बायकोने विचारलं, "लूव्र मंगळवारी बंद असतं ना? उद्या मंगळवार आहे."

तो हसला. "वहिनी, ग्रुपला वेगळं दार असतं."

कोच हसला. मीही हसलो, आणि पाकीट पुढे सरकवलं. त्या एका वाक्यावर पैसे परत खिशात जायला हवे होते. बंद संग्रहालयाला कसलं आलंय वेगळं दार? पण मला सांगा, आजूबाजूची सगळी माणसं मुकाट्याने नोटा मोजतायत, 'जो येणार नाही त्याने पार्किंगमध्ये बसायचं' हे आधीच ऐकवलंय, भाषा येत नाही आणि पासपोर्ट 'सुरक्षिततेसाठी' त्याच्याच बॅगेत. अशा वेळी पावती मागायचं कुणाला सुचतं? (पासपोर्ट स्वतःजवळच ठेवा. कुणी काहीही सांगो.)

मंगळवारी अर्थातच काचेच्या पिरॅमिडसमोर फोटो स्टॉप. "आज अचानक बंद निघालं हो." अचानक! बदल्यात अत्तराचं संग्रहालय दाखवलं. तिथे प्रवेश फुकट होता आणि बाहेर पडायची वाट दुकानातून. त्या दुकानात आम्हाला जेवढा वेळ दिला तेवढा आयफेल टॉवरलाही दिला नव्हता. पॅरिस बाय नाइट तेवढं झालं, रोषणाई छान होती, ते ४० मी धरत नाही.

गोंडोलाचा राग सगळ्यात जास्त आहे. व्हेनिसमध्ये गोंडोलाचा दर पालिकेने ठरवलेला आहे: दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, तोही माणशी नाही, अख्ख्या नावेचा. नावेत पाच जण बसतात. आम्ही पाच जणांनी ४५ प्रमाणे २२५ दिले. म्हणजे एका नावेमागे १३५ युरो कुणाच्या तरी खिशात. परत आल्यावर हे वाचलं तेव्हा जेवण गेलं नाही.

रोममध्ये फिरायचा दिवस रविवार होता. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि सिस्टीन चॅपेलला त्यांच्यातूनच जावं लागतं. आमचा तो शेवटचा रविवार नव्हता. सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं केलं आणि 'हेच व्हॅटिकन' म्हणून मोकळे. तिथे कुणालाच तिकीट लागत नाही. त्याचे माणशी ५५! कोलोसियम बाहेरूनच, कारण "ड्रायव्हरचे तास संपले". नियम खोटा नाही. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तास. पण त्या दिवशी कोच शहराबाहेर गेलाच नव्हता, तास संपले कधी?

ग्रुप टूर वाईटच असते असं मी म्हणत नाही. व्हिसा, हॉटेल, सामान, कशाचीच चिंता नव्हती. सासूबाईंना घेऊन एकट्याने एवढं फिरणं मला जमलं नसतं. म्हणून तर जास्त चीड येते. ज्या भरवशाचे पैसे मोजले तोच भरवसा त्याने विकला. छापील कार्यक्रमात 'दर्शन', 'ओरिएंटेशन' किंवा 'फोटो स्टॉप' दिसलं की आत सोडणार नाहीत असंच समजा. प्रत्येक ठिकाणासमोर वार लिहून काढा. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो, तेही लिहा.

आता तक्रारीचं. कंपनी म्हणते, ऑप्शनल हा प्रवासी आणि टूर मॅनेजर यांच्यातला व्यवहार. टूर मॅनेजर म्हणे आता आमच्याकडे नाही. बँकेत गेलो तर, "कार्डाने दिले असते तर बघता आलं असतं." पोलीस ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं की पैसे परदेशात दिले, हद्द आमची नाही, तिकडेच तक्रार करा. तिकडे म्हणजे कुठे? पॅरिसला, व्हेनिसला की रोमला? वकिलातीला ईमेल केला, तर खासगी व्यवहारात पडत नाही असं दोन ओळींचं उत्तर. ग्राहक तक्रार नोंदवायला गेलो तर पहिला प्रश्न पावतीचा, दुसरा साक्षीदारांचा. साक्षीदार! एकाच कोचमधली माणसं, रोज सोबत जेवलेली, फोनवर म्हणतात, "जाऊ द्या हो, ट्रिप तर छान झाली ना." सही द्यायला एकही तयार नाही. कंपनीचा पुढच्या टूरवर सवलतीचा मेसेज मात्र दर आठवड्याला न चुकता येतो.

त्या हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो कोचमधल्या कुणीतरी काढला होता, मागच्या सीटवर फ्लॅश चमकलेला मी पाहिला आहे. तो एवढा पाठवा. सही नको, नावही नको.