आटोक्यात न येणारा दमा : खान्देशातून मुंबई गाठावी की नाशिक?

ज्यांचा दमा रोज पंप घेऊनही आटोक्यात येत नाही, ज्यांना वर्षातून दोन किंवा अधिक वेळा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स करावा लागतो आणि ज्यांच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी अखेर ‘आता एकदा मोठ्या ठिकाणी दाखवून या’ असे सांगितले आहे, त्यांच्यापुढे खान्देशातून प्रामुख्याने दोन वाटा उरतात. एक मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाची आणि दुसरी नाशिकच्या खासगी श्वसनविकारतज्ज्ञाची. पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणारेही पुष्कळ आहेत आणि नंदुरबार-नवापूरकडच्या मंडळींना सुरत जवळ पडते. पण त्या ठिकाणांचा मला स्वतःला अनुभव नाही, म्हणून त्यांविषयी मत देत नाही. माझ्या पत्नीच्या दम्यासाठी आम्ही आधी मुंबईला आणि नंतर नाशिकला उपचार घेतले. आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो, घरी कपाशी आणि थोडी ज्वारी आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते याच परिस्थितीतून आलेले आहे.

तज्ज्ञाकडे नेमके कशासाठी जायचे, हे आधी मनाशी स्पष्ट असावे. दम्यासंबंधी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी ‘जिना’ ही संस्था नेदरलँड्समधील अभ्यासाच्या आधारे असे सांगते, की प्रौढ रुग्णांपैकी सुमारे १७ टक्के लोकांचा दमा आटोक्यात आणणे कठीण जाते, परंतु सर्व औषधे योग्य रीतीने आणि पूर्ण मात्रेत घेऊनही न आवरणारा, म्हणजे खऱ्या अर्थाने तीव्र असा दमा ३.७ टक्के लोकांनाच असतो. या दोन आकड्यांमधल्या अंतरात पंप ओढण्याची चुकीची पद्धत, नाकातील मांस वाढणे, सायनसचा जुना विकार, आम्लपित्त, घरातील धूर, बुरशीची अ‍ॅलर्जी आणि मुळात दमाच नसणे, अशा अनेक गोष्टी दडलेल्या असतात. त्या एकेक करून तपासणे हेच तज्ज्ञाचे खरे काम होय, आणि ते एका भेटीत होत नाही. औषध बदलून, पद्धत सुधारून, तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजमाप घ्यावे लागते. ही मुदत लक्षात ठेवावी, कारण माझ्या दृष्टीने पुढचा सगळा निर्णय तिच्यावरच ठरला.

मुंबईच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. केसपेपर नाममात्र पैशांत निघतो, रक्ताच्या तपासण्या, छातीचे सीटी स्कॅन आणि फुंकण्याची तपासणी खासगीच्या तुलनेत फार कमी खर्चात होते, आणि कान-नाक-घसा, पोटाचे विकार, त्वचा असे सर्व विभाग एकाच आवारात असल्याने एका विभागाची चिठ्ठी घेऊन दुसऱ्या विभागात जाता येते. निदानाबद्दलच शंका असेल, दुर्बिणीने श्वासनलिका तपासायची असेल किंवा रुग्णाला दम्यासोबत दुसरा गंभीर आजार असेल, तर इतकी सोय नाशिकला एका छपराखाली मिळणे अवघड आहे. आम्हाला भेटलेले निवासी डॉक्टर कष्टाळू होते आणि आपुलकीने बोलत, हेही नमूद केले पाहिजे. एका तरुण डॉक्टरबाईंनी दुपारची जेवणाची वेळ टळून गेलेली असतानाही पत्नीला समोर बसवून रोटाहेलर (औषधाची पावडर श्वासाने ओढायचे उपकरण) ओढायला लावला आणि तिचा श्वास पावडर आत खेचण्याइतका जोरकस नाही, हे त्यांनीच प्रथम ओळखले. त्या दिवसापासून ती स्पेसर, म्हणजे औषध सावकाश ओढता यावे म्हणून पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पंप घेते आणि तेवढ्यानेही फरक पडला.

प्रवासाचा त्रास सर्वांना ठाऊकच आहे. जळगावहून रात्रीची गाडी धरायची, पहाटे मुंबईत उतरायचे, खिडकी उघडण्याआधी रांगेत उभे राहायचे, आणि रिपोर्ट त्याच दिवशी हाती न आल्यास नातेवाइकांकडे किंवा लॉजवर मुक्काम करायचा. दम्याच्या माणसाला त्या गर्दीचा, धुळीचा आणि जिन्यांचा वेगळा त्रास होतो. तरीही मला असे वाटत नाही, की केवळ प्रवासासाठी कोणी मुंबई सोडावी. खान्देशातील माणूस लेकरांच्या शिक्षणासाठी आणि बाजारासाठी याहून लांब जातो.

आमच्या बाबतीत पारडे फिरले ते एका वेगळ्याच गोष्टीने. प्रत्येक भेटीत समोर नवा डॉक्टर असे. शिकवणाऱ्या रुग्णालयात निवासी डॉक्टरांच्या नेमणुका फिरत्या असतात आणि आमच्यासारखे दुरून येणारे लोक गाडीच्या आणि शेतीच्या सोयीने दिवस ठरवतात, त्यामुळे मागच्या वेळचा डॉक्टर पुन्हा भेटेलच असे नसते. नवा डॉक्टर फाइल उघडतो, वरच्या पानावरील औषधे वाचतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो : दम किती वर्षांपासून लागतो, घरात कोणाला आहे का, पंप नियमित घेता का. पत्नी खाली मान घालून तीच उत्तरे तशीच देत राही. एका डॉक्टरांनी वाढवलेली मात्रा पुढचे डॉक्टर परिणाम दिसण्याआधीच बदलत, कारण ती का वाढवली होती हे कागदावर नसे. जी तपासणी तीन ते सहा महिने एका सूत्रात व्हायला हवी, ती पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन थांबे. मध्यंतरी दम वाढला की गावी पुन्हा स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होत. प्रौढ माणसाच्या आयुष्यात असे चार-पाच कोर्स झाले तरी पुढे हाडे ठिसूळ होणे, मधुमेह आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, असे मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलेले आहे. आणि आमच्याकडे अनेक घरांत ‘कोर्स’ हा शब्द सर्दीच्या गोळीइतक्या सहजतेने उच्चारला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याचा सर्वांत मोठा फटका एका साध्या रक्ततपासणीत बसला. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे रक्तातील प्रमाण पाहून दम्याचा प्रकार आणि पुढची महागडी इंजेक्शने उपयोगी पडतील की नाही, याचा अंदाज बांधला जातो. स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या की या पेशी झपाट्याने कमी होतात, म्हणून ही तपासणी गोळ्या बंद होऊन निदान एक-दोन आठवडे गेल्यावर करायची असते. आम्ही मुंबई गाठत होतो तेच मुळी दम वाढल्यावर, म्हणजे कोर्स चालू असताना किंवा नुकताच संपलेला असताना. साहजिकच प्रत्येक रिपोर्टमध्ये आकडा कमी येई आणि ‘इओसिनोफिल वाढलेले नाहीत’ एवढीच नोंद फाइलमध्ये पुढे सरकत राही.

नाशिकच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सगळे रिपोर्ट टेबलावर तारखेप्रमाणे मांडले आणि गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. मग पेन्सिलीने प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात त्याआधीचा कोर्स कधी झाला ते लिहिले. कमी आकड्याचा प्रत्येक कागद कोर्सच्या पाठोपाठचा निघाला. त्यांनी त्या दिवशी कोणतीही नवी तपासणी लिहून दिली नाही. घरी जा, गोळ्यांविना काही आठवडे जाऊ द्या आणि मग धुळ्यातच रक्त द्या, एवढेच सांगितले. तसे केल्यावर आकडा एका मायक्रोलिटर रक्तात ३०० पेशींच्या बराच वर, म्हणजे वाढलेला, आला. हे ज्ञान काही नाशिकपुरते नाही, मुंबईतही ते सर्वांना आहे, यात मला शंका नाही. परंतु ते वापरण्यासाठी सगळे कागद एकदम एकाच माणसाच्या डोळ्यांखालून जावे लागतात.

त्यानंतरचा क्रमही तसाच सावकाश झाला. जंतांमुळे आपल्याकडे इओसिनोफिल वाढतात, म्हणून आधी ती शक्यता निकाली काढली. अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी केली, आणि ही तपासणी खान्देशातील शेतकरी कुटुंबाने आवर्जून मागावी असे मला वाटते, कारण ती बुरशी ओलसर कडब्यात, कुट्टीत आणि साठवलेल्या धान्यात वाढते. ती अ‍ॅलर्जी असल्यास उपचाराची दिशाच बदलते. पत्नीच्या बाबतीत ती नव्हती. नाकातील मांस मात्र वाढलेले होते आणि त्यावर नीट उपचार झाल्यावर रात्रीचा खोकला उतरला. घरी चुलीवर पाणी तापवताना पऱ्हाट्या आणि तुरखाट्या जाळणे बंद करा, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. कापूस वेचणीच्या हंगामात ती अजूनही शेतात जाते, परंतु तोंडाला ओढणी बांधून आणि सकाळचा पंप घेतल्याशिवाय नाही. मागचा हंगाम स्टिरॉइडच्या गोळ्यांविना गेला. एका हंगामावरून फार मोठे बोलू नये हे मान्य आहे, पण आधीच्या हंगामांत असे झाले नव्हते.

नाशिकच्या विरोधात सांगण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे पैसा. फी, तपासण्या आणि औषधे सर्व खिशातून जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असले, तरी ती मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या पंपाला आणि बाह्यरुग्ण विभागातील फीला तिचा आधार मिळत नाही. जैविक (बायोलॉजिक), म्हणजे वर सांगितलेल्या महागड्या, इंजेक्शनांची वेळ आली तर हा फरक फारच जाणवतो. ओमॅलिझुमॅब वजन आणि आयजीई या अ‍ॅलर्जीशी संबंधित रक्तातील प्रथिनाच्या पातळीप्रमाणे दोन किंवा चार आठवड्यांनी, मेपोलिझुमॅब चार आठवड्यांनी, तर बेनरालिझुमॅब पहिल्या तीन मात्रांनंतर आठ आठवड्यांनी घ्यावे लागते; एकेका वेळेचा खर्च सहज दहा हजार रुपयांच्या वर जातो आणि हे उपचार एक-दोन महिन्यांत संपणारे नसतात. ज्यांना ही इंजेक्शने लागणारच आहेत आणि स्वतःच्या पैशांतून ती घेणे शक्य नाही, त्यांनी मुंबईच्या रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे मदतीची चौकशी अवश्य करावी. तिथे वाट निघण्याची शक्यता नाशिकपेक्षा अधिक आहे. आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनाचा विचार तूर्त राखून ठेवला आहे, म्हणून या खर्चाची झळ आम्हाला अद्याप लागलेली नाही.

अंतराचे म्हणाल तर धुळे ते नाशिक साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटर, सरळ महामार्ग, दर थोड्या वेळाने एसटी. सकाळी निघून रात्री घरी परतता येते आणि गुरांची धार कोणाला सांगून जावे लागत नाही. दोन भेटींमधला संपर्क ही आणखी एक जमेची बाजू आहे. दूरध्वनीवरून सल्ला देण्यासंबंधीचे नियम केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये लागू केल्यापासून अनेक डॉक्टर ओळखीच्या रुग्णाला व्हिडिओवर पाहतात. आमच्याकडे पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारे छोटे उपकरण, आहे. पत्नी सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकते आणि वहीत आकडा लिहिते. तिच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असेल तर नेहमीची औषधे, ५० ते ८० च्या दरम्यान आला तर चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे औषध वाढवून फोन, आणि ५० च्या खाली गेला तर थेट रुग्णालय, असे ठरलेले आहे. आता ‘माले दम लागी ऱ्हायना’ (मला दम लागतोय) असे ती म्हणाली की आधी वही पाहिली जाते, आणि घाबरून काहीही केले जात नाही.

मात्र ‘थेट रुग्णालय’ म्हणजे नाशिक नव्हे, हे ध्यानात असू द्यावे. रात्री दोन वाजता झटका आला तर ऑक्सिजन आणि औषधाची वाफ (नेब्युलायझर) अमळनेरला किंवा धुळ्यालाच मिळणार. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही आहे, आणि दोन्ही शहरांत छातीचे खासगी डॉक्टर आहेत. म्हणून कोणतीही वाट निवडली तरी जवळचा एक डॉक्टर कायम ठेवावा आणि मोठ्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावे चिठ्ठी लिहून घ्यावी. आमच्या गावच्या डॉक्टरांना त्यात कमीपणा वाटला नाही. उलट कोर्स केव्हा द्यायचा आणि केव्हा टाळायचा हे लेखी मिळाल्याने त्यांना सोयीचे झाले.

एकंदरीत, ज्यांचे निदान पक्के आहे, ज्यांना सहा महिने एकाच डॉक्टरच्या देखरेखीची गरज आहे आणि फीचा भार जे कसेबसे का होईना पेलू शकतात, त्यांनी माझ्या मते नाशिकचा विचार आधी करावा. ज्यांना पैशांअभावी किंवा आजाराच्या गुंतागुंतीमुळे मुंबईच गाठावी लागणार आहे, त्यांनी पहिल्याच भेटीत केसपेपरवर कोणत्या युनिटचे नाव लिहिले आहे ते पाहावे, त्या युनिटचा ओपीडीचा वार आणि प्रमुख डॉक्टरांचे नाव विचारून घ्यावे, आणि शेतीची किंवा गाडीची अडचण असली तरी पुढची प्रत्येक भेट त्याच वारी ठेवावी. निवासी डॉक्टर बदलले तरी युनिटचे प्रमुख तेच राहतात, आणि आपली फाइल त्यांच्यासमोर न्यावी अशी विनंती केल्यास बहुधा ती मानली जाते. सोबत एका कोऱ्या कागदावर स्टिरॉइडच्या प्रत्येक कोर्सची तारीख आणि प्रत्येक रक्ततपासणीची तारीख एकाखाली एक लिहून न्यावी. तो कागद फाइलच्या सर्वांत वर लावावा.