बीपी मशीन, शंभर पानी वही आणि आमचे आबा : नऊ महिन्यांचा अनुभव

मशीन घेऊन नऊ महिने झाले. डबा फोडल्या दिवशीच लोक 'मस्त आहे, वेळेत मिळालं' असं लिहून मोकळे होतात. तसल्याच ओळी वाचून मी आधी मनगटावर बांधायचं घड्याळासारखं मशीन मागवलं होतं. पाच मिनिटांत ११८ आणि लगेच १५१ दाखवलं त्याने. मनगटाचं मशीन हात बरोबर छातीच्या उंचीवर धरला तरच खरं बोलतं आणि आमच्या पेशंटला तेवढा वेळ हात धरता येत नाही. १,३०० रुपये पाण्यात. मग सेलूतल्या एका मेडिकलमधून दंडाला पट्टा बांधायचं घेतलं, २,१५० ला. हा अनुभव त्याचा.

पेशंट म्हणजे आमचे आबा. वय ७२, सोयाबीन-कापसाचं कोरडवाहू रान. बीपीच्या गोळ्या सहा वर्षांपूर्वी लागल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या आपल्या मनाने सोडल्या. "मला काई होतच नाही तर कायला खायच्या?" होत नव्हतं हे खरंच होतं. बीपी दुखत नाही, खुपत नाही. आणि त्या दोन वर्षांत आबांचं बीपी कुणीही, म्हणजे मी सुद्धा, एकदाही मोजलं नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दुकानासमोरच दवाखाना आहे, हे मुद्दाम सांगतो.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, वेचणीच्या दिवसांत, आबा पहाटे साडेपाचला उठले आणि त्यांना धोतराचा काष्टा मारता येईना. उजवा हात नुसता लोंबत होता. आईने बशीत चहा दिला तर तो उजव्या कोपऱ्यातून गळून सदऱ्यावर. तोंड डावीकडं ओढलेलं. गल्ली गोळा झाली. अंगावरून वारं गेलं म्हणाले सगळे. एकाने कांदा हुंगवला, एकाने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, एकाने लकव्याचं झाडपाल्याचं औषध मिळतं त्या गावाचा रस्ता सांगितला. ह्यात दीड तास गेला. पुढं एका दवाखान्यात सलाईन लावून 'बघू थोडं' म्हणत आणखी तासाभराहून जास्त. १०८ ला फोन करावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. परभणीला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटचे धडधाकट कधी पाहिले?"

मी म्हणालो, पहाटे साडेपाचला उठले तेव्हा.

"उठले तेव्हा हात पडलेलाच होता ना? शेवटचे नीट कधी होते?"

रात्री दहाला, अंथरुणावर पडताना.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास आपल्याला कळल्यापासून नाही, माणूस शेवटचा ठीक होता तिथून मोजतात. म्हणजे आमचे बारा तास उलटून गेले होते. झोपेत लकव्याचा झटका आलेल्यांना काही मोठ्या दवाखान्यांत एमआरआय बघून तरीही ते इंजेक्शन देतात. आमच्या वाट्याला ते आलं नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबलेली, म्हणून उजवं अंग गेलं आणि सोबत बोलणंही. गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय बाहेरून कुणालाच सांगता येत नाही आणि दोन्हींचा इलाज एकमेकांच्या उलट. गुठळीवर जे रक्त पातळ करणारं औषध, तेच रक्तस्रावात घात करतं.

तेव्हा बीपी १९६/१०४ होतं. मी घायकुतीला आलेलो. म्हणालो, आधी ते उतरवा ना. डॉक्टर म्हणाले, "आत्ता नाही. अडलेल्या भागाला त्या दाबावरच थोडंफार रक्त पोचतंय. २२०/१२० च्या वर गेलं तर बघू." हे मशीनच्या अनुभवात लिहायचं कारण असं की घरात मशीन असलं म्हणजे झटक्याच्या वेळी तेच काढून बसायचा मोह होतो. आकडा मोठा दिसला की कुणीतरी जिभेखाली गोळी फोडतं. ते करू नका. तोंड वाकडं, हात पडलेला, बोलणं अडखळतंय, ह्यातलं एक जरी दिसलं तरी मशीन कपाटातच राहू द्या, गाडी काढा आणि जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच जा.

दहाव्या दिवशी घरी आणलं. दर दोन तासांनी कूस बदलणं, घोट गिळताना ठसका लागतो का ते बघणं, पडलेल्या हाताला धरून न ओढणं (खांदा निखळतो), ते सगळं बायकोने आणि आईने केलं. मी करत होतो असं म्हणालो तर घरात घेणार नाहीत.

मशीनकडं येतो. मोजायला शिकायलाच आम्हाला पंधरा दिवस लागले. आधी आबा खाटेवर पाय लोंबकळत सोडून बसायचे, पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून, शेजारी कुणीतरी बोलतंय, आणि आकडा १६५. नंतर फिजिओथेरपीच्या ताईंनी सरळ दाखवलं. लघवी उरकून घ्यायची, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प बसायचं, उघडा दंड छातीच्या उंचीवर उशीवर ठेवायचा. आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. एकदा घेऊन मिनिटभराने दुसऱ्यांदा घ्यायचं. त्याच आबांचा आकडा त्याच संध्याकाळी १४४ आला. म्हणजे वीसेक अंकांचं बीपी आम्हीच वाढवत होतो.

पडलेल्या हातावर आकडा नीट येत नाही, म्हणून पट्टा चांगल्या हाताला, डाव्या. आता गंमत बघा. उजवा निकामी, डाव्याला पट्टा, मग बांधणार कोण? मशीनच्या खोक्यावर 'स्वतः मोजा' असं छापलंय, पण लकव्याच्या माणसाला ते एकट्याने जमत नाही. नुसता हात सरकवायचे कडक नळीसारखे पट्टे मिळतात, ते महाग आहेत. घरात दिवसा कुणी नसेल तर हा विचार आधी करा.

पट्ट्याच्या मापाचं कुणी सांगतच नाही. मशीनसोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा. आबांना तो बरोबर. पण कौतुकाने आईचं मोजलं तर १५८/९२. तिचं जेवण तुटलं. तिचा दंड टेपने मोजला तर ३५ भरला. लहान पट्टा जाड दंडाला आवळला की आकडा फुगतो. मोठा पट्टा ६५० ला वेगळा घेतला, तिचा आकडा १३८ वर आला. तरी तिला तालुक्याला दाखवलं आणि तिलाही गोळी लागली, ती गोष्ट वेगळी. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सारखं राहिलं तर ते जास्तच धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० सारखं. आबांसाठी डॉक्टरांनी १३० च्या आसपास ठेवा म्हणून सांगितलंय.

मशीनमध्ये दोन माणसांचे आकडे साठतात म्हणे. साठतात, पण सेल बदलले की तारीख-वेळ पुसली जाते आणि कुठला आकडा कधीचा ते कळत नाही. वर गल्लीतली चारदोन माणसं रोज मोजून जायची, त्यांचेही आकडे आबांच्याच खात्यात. म्हणून शंभर पानी वही केली. तारीख, सकाळ, संध्याकाळ, गोळी घेतली का, आणि शेरा. शेरे बायकोचे. 'लग्नात जेवले, पापड चार.' 'आईशी भांडण.' 'झोप नाही.' फेब्रुवारीत वही चाळताना दिसलं की बाजाराच्या दिवशी संध्याकाळचा आकडा नेमाने १५ ने चढा. बाजारातून परतणारे त्यांचे दोस्त ओट्यावर टेकायचे आणि पुडी पुढं करायचे, हे तेव्हा कळलं. डॉक्टरांनी पण मशीन एकदाच बघितलं, त्यांच्याजवळच्या पाऱ्याच्या यंत्राशी ताडून. चार-पाच अंकांचा फरक निघाला, चालतंय म्हणाले. वही मात्र दर खेपेला मागून घेतात.

मशीनचे पैसे वसूल झाले मे महिन्यात. पारा ४३ वर, अंगणात पाय ठेववत नव्हता. आबा दुपारी खाटेवरून उठले, दोन पावलं टाकली आणि चौकटीवर आदळले. कपाळाला खोक पडली. आमच्याकडं चक्कर म्हणजे बीपी वाढलं हे ठरलेलं. आई गोळीचं पाकीट घेऊनच आली, एक जास्तीची देऊ म्हणाली. बायकोने मोजलं. बसून १२२/७४. मग आम्ही दोघांनी काखेत धरून उभं केलं आणि मिनिटभराने पुन्हा घेतलं. ९६/६०. मशीन खोटं बोलतंय म्हणून तिसऱ्यांदा घेतलं, ९८.

उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा जास्त पडला तर ते चक्करेचं कारण असतं, आणि म्हाताऱ्या माणसात त्यातूनच खुबा मोडतो. उन्हाळ्यात बीपी तसंही उतरतं. वर आबा पाणी मोजून पीत होते, सारखं संडासापर्यंत न्यायला कुणाला सांगावं लागू नये म्हणून. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगता येण्याजोगी वाचाही नव्हती. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्यांतली लघवी वाढवणारी गोळी बंद केली, पाण्याचा तांब्या ठरवून दिला, उठताना आधी दोन मिनिटं खाटेच्या काठावर बसायला लावलं. ती जास्तीची गोळी पोटात गेली असती तर काय झालं असतं ते मी मनात आणत नाही.

एका गोष्टीने उगीच पळवलं. पडद्यावर मधूनच हृदयाचं चिन्ह लुकलुकतं, ठोके अनियमित असल्याचं. माहितीपत्रकात नीट दिलेलं नाही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा आबा खोकत होते. पुन्हा तीन दिवस ओळीने दिसलं तेव्हा ईसीजी काढला, चांगला आला. डॉक्टर रागावले नाहीत. ठोक्यांचा एक बेतालपणा असा असतो की हृदयातच गुठळ्या होऊन मेंदूकडं जातात, लकव्याचा धोका पाचपट होतो आणि त्याला औषधही वेगळं लागतं, म्हणून ते चिन्ह वारंवार दिसलं तर ईसीजी काढायचाच म्हणाले.

बाकी तक्रारी अशा. चार सेल दोन महिने जातात, उतरले की पंप कण्हतो आणि एरर. अडॅप्टर वेगळा विकत, आणि आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, तेव्हा सेल घरात ठेवाच. पट्ट्याची चिकटपट्टी सातव्या महिन्यात सैल पडली. वॉरंटीत पट्टा येत नाही, हे तेव्हा सांगितलं. आणि सुरुवातीला मी दिवसातून आठ-आठ वेळा मोजायचो, त्याने आबांचं काही झालं नाही, माझंच बीपी वाढलं. आता सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, बस्स.

एक उपयोग खोक्यावर छापलेला नाही. डिसेंबरात आबा बोलायला गेले की एकच शब्द यायचा, "सात". पाणी सात, आई सात. फिजिओच्या ताई म्हणाल्या, असल्या पेशंटला कधीकधी गप्पांच्या आधी मोजणी जमते, आकडे वाचायला लावा. मग पडदा त्यांच्यासमोर धरायला लागलो. महिनाभर सात, सात, सात. एक दिवस "एक", आणि बराच वेळ थांबून "तीन". 'एकशे अडतीस' अजून जमत नाही, पण 'एक तीन आठ' बरोबर म्हणतात, आणि मी वहीत चुकीचं लिहिलं तर डाव्या हाताने पेन ओढतात.

पुन्हा घेणार का? घेतलंच. बहिणीच्या सासऱ्यांसाठी, गेल्या आठवड्यात, आधी दंडाचं माप मागवून.