पहिली एकट्याची परदेशवारी: थायलंड की व्हिएतनाम?

डिचोली, फोंडा, म्हापशाकडची विशीतली मुले-मुली पाठीवर सॅक टाकून एकट्याने बाहेर पडायचे म्हणतात, तेव्हा बहुधा या दोन नावांपाशी येऊन अडतात. खर्च दोन्हीकडे झेपतो, समुद्र दोन्हीकडे आहे, स्वस्त हॉस्टेलेही दोन्हीकडे. मग चर्चा विमानाच्या तिकिटावर येऊन थांबते. माझे मत वेगळे आहे. गोव्याच्या माणसाने आधी दुचाकीचा विचार करावा, कारण तिथे पोचल्यावर दोन दिवसांत आपण भाड्याच्या स्कूटरची चौकशी करणारच.

भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. थायलंडमध्ये तो चालतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना कराराचाच परवाना मानतो, आणि भारत त्या करारात नाही. म्हणजे आरटीओतून काढलेली ती पुस्तिका खिशात असली, तरी ५० सीसीवरची स्कूटर तिथे चालवणे बेकायदा ठरते. दुकानदार काही विचारत नाही. त्याला भाड्याशी मतलब. पोलिसांचा दंड परवडला, पण पडलात तर? प्रवास विम्यात वैध परवान्याची अट असते. ती मोडली की इस्पितळाचे बिल घरच्यांच्या माथी. त्यात व्हिएतनाममध्ये वाहने रस्त्याच्या उजवीकडून धावतात, थायलंडमध्ये आपल्यासारखी डावीकडून. कळंगुटला ‘रेंट अ बाइक’ घेऊन धडपडणाऱ्या पर्यटकाला आपण हसतो, तिथे ते पर्यटक आपण असतो.

थायलंडमध्येही सगळे मोकळे रान नाही. परवान्यावर दुचाकीची नोंद हवी आणि डोक्यावर हेल्मेट हवे. पासपोर्ट अनामत म्हणून मागणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावे. रोख अनामत घेणारे दुसरे सापडते. ताब्यात घेण्याआधी गाडीवरच्या जुन्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढून ठेवावा, परत करताना हुज्जत वाचते.

व्हिएतनाम स्वतः गाडी न चालवताही छान पाहता येतो, किंबहुना तसाच पाहावा. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग जवळजवळ सगळा देश दाखवतो. उत्तरेकडच्या ‘हा जियांग’ भागातल्या डोंगरात स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरण्याची चांगली सोय आहे. हँडल हातात नसल्याची खंत असेल, तर घाटातली वळणे पाहून ती जाईल.

कागदपत्रांत व्हिएतनाम अधिक सरळ वाटतो. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा, एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशासाठी ५०. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असते. नाव पासपोर्टवर आहे अक्षर न अक्षर तसेच लिहावे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला, पण हे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी वकिलातीचे संकेतस्थळ पाहावे. मे २०२५ पासून तिथे डिजिटल आगमन कार्डही लागते. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे, फुकट.

सुटी कधी मिळते, यावरही निर्णय फिरू शकतो. चतुर्थी सोडून कोणी जाणार नाही हे गृहीत धरतो. दिवाळीच्या सुमाराला मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्युए आणि होई आनकडे, पावसाचा जोर असतो, पूरही येतात. त्या दिवसांत उत्तर थायलंड बरा. मार्चमध्ये मात्र तिथल्या चियांग माई शहराला जाऊ नये, शेते आणि जंगले जाळल्याचा धूर तिथे साचून राहतो.

चोऱ्यांचे स्वरूप वेगळे. हो ची मिन्ह सिटीत पदपथाच्या कडेला फोन धरून उभे राहिलात, तर दुचाकीवरून येऊन हिसकावून नेतात. डाँग या तिथल्या चलनाच्या वीस हजार आणि पाच लाखांच्या नोटा दोन्ही निळसर. अंधारात पैसे देताना शून्ये मोजा. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, इंग्रजीत बोलता येते. नवख्यासाठी आणि एकट्या मुलीसाठी ही सोय मला फार मोलाची वाटते, म्हणून पहिल्या खेपेला मी थायलंडच सुचवीन. दुसऱ्या खेपेला, किंवा स्कूटरचा मोह आवरणार असेल तर पहिल्याही, व्हिएतनाम.

थायलंडमध्ये असताना कोणी ‘डेटा एंट्री’च्या गलेलठ्ठ पगाराची नोकरी देऊ केली, तर तिथेच नाही म्हणा. अशा आमिषाने सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डीत नेलेल्या भारतीय तरुणांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले आणि सरकारला त्यांना विमानाने परत आणावे लागले.

आणि कुत्र्यांचे. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित घोषित झाला, त्यामुळे रस्त्यावरच्या कुत्र्याला गोंजारायची आपल्याला सवय. या दोन्ही देशांत कुत्रा किंवा माकड चावले वा ओरखडले, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. परत आल्यावर पाहू म्हणू नका.