गाडी पुन्हा गॅरेजात: कंपनीचं वर्कशॉप, ओळखीचा मेकॅनिक की विकून मोकळं व्हायचं?

आठ-नऊ वर्षांची, लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली गाडी सारखी गॅरेजात जायला लागली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आता हिच्यावर दमडी घालू नका. दुसरा म्हणतो, एवढं काम केलंय तर अजून दोन वर्षं काढू. खर्चाचा हिशेब करण्याआधी गेल्या वर्षभराची बिलं समोर घेऊन बसा. एकच तक्रार फिरून फिरून आली आहे, की दर खेपेला वेगळा भाग गेला आहे? तक्रार एकच असेल तर दोष बहुधा निदानाचा असतो आणि गाडी विकण्याची घाई करू नये. दर वेळी नवीन काही निघत असेल, तर गाडीच्या वयाचा विचार करायची वेळ आली आहे.

इंजिन गरम होण्याचंच घ्या. घाटात तापमानाचा काटा वर जातो, गाडी बाजूला घ्यावी लागते. गॅरेजात रेडिएटरची कॅप बदलतात, पाणी भरतात, गाडी परत येते. पुन्हा तापते, मग थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप). त्यानंतर वॉटर पंप. प्रत्येक भाग नवीन, प्रत्येक बिल खरं, आणि दोष जिथल्या तिथे. खरं तर गाडी कधी तापते यावरून बरंच कळतं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते पण हायवेला लागल्यावर काटा खाली येतो, तर आधी फॅन, त्याचा रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच) आणि वायरिंग तपासायला हवं. उलट घाट चढताना किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असणं, पंप किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) यांच्याकडे संशय जातो. कुठे गळती दिसत नाही तरी कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होतंय, गार इंजिन सुरू केल्यावर लगेच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑईल दुधाळ दिसतं, ही हेड गॅस्केटची लक्षणं आहेत. कूलंटमध्ये इंजिनातला वायू मिसळतोय का, हे तपासायची साधी चाचणी असते. ती आधी केली तर चार सुटे भाग वाचतात. आणि आपल्याकडे सर्रास होतं ते बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं कृपा करून थांबवा. त्या क्षारांनीच पुढच्या वर्षी रेडिएटर चोंदतो.

म्हणून गाडी कुठेही न्या, तिथे भाग सांगू नका, लक्षण सांगा. ‘थर्मोस्टॅट बदला’ म्हटलं की थर्मोस्टॅट बदलून मिळतो. तापणं थांबलं नाही तर तुम्ही सांगितलेलं काम तर झालेलंच असतं! ‘अर्धा तास चालल्यावर, एसी लावून, चढावर काटा वर जातो’ असं जॉब कार्डवर (गाडी घेताना गॅरेज कामाची नोंद करतं त्या कागदावर) तुमच्या शब्दांत लिहून घ्या. जमलं तर काट्याचा व्हिडिओ दाखवा.

आता कंपनीचं वर्कशॉप की ओळखीचा मेकॅनिक. गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही, कंपनीतच न्या आणि प्रत्येक भेटीचं जॉब कार्ड जपून ठेवा. अमेरिकेत सारख्या बिघडणाऱ्या नव्या गाड्यांसाठी स्वतंत्र कायदे आहेत, आपल्याकडे तसा कायदा नाही. आपला आधार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि तिथे तीच ती तक्रार लिहिलेली जॉब कार्डंच तुमच्या बाजूने बोलतात. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

वॉरंटी संपल्यावर मात्र चित्र बदलतं. कंपनीच्या वर्कशॉपची खरी ताकद इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, इंजिनचं सॉफ्टवेअर यांसाठी लागणारा कंपनीचा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) आणि तांत्रिक माहिती तिथे असते. चासी नंबरवरून तुमच्या गाडीला एखादा रिकॉल (कंपनीने दोष सुधारायला गाड्या परत बोलावणं) लागू आहे का, तेही तिथे कळतं आणि ते काम फुकट होतं. अडचण ही, की काउंटरवर तुमच्याशी बोलणारा अ‍ॅडव्हायझर गाडीला हात लावत नाही. अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी टेक्निशियनला शेजारी बसवून चक्कर मारायचा आग्रह धरा. शिवाय तिथे पूर्ण असेंब्ली बदलण्याकडे कल असतो. अल्टरनेटरमधला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरमधला) कार्बन ब्रश झिजला तरी अख्खा अल्टरनेटर अंदाजपत्रकात येतो. इंजिन फ्लश, एसी जंतुनाशक फवारणी असल्या ओळी न विचारता टाकलेल्या असतील तर बिनदिक्कत खोडायला सांगा.

चांगला मेकॅनिक तोच अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून आणतो आणि खर्च कितीतरी खाली येतो. सस्पेन्शन, क्लच, ब्रेक, रेडिएटर, स्टार्टर ही कामं जुन्या गाडीसाठी मी त्याच्याकडेच करून घेईन. क्लच, सस्पेन्शन ही झिजण्याचीच कामं आहेत, ती निघाली म्हणून गाडी वाईट ठरत नाही. मेकॅनिककडची जोखीम म्हणजे डुप्लिकेट माल. त्यावर उपाय सोपा आहे: पार्ट नंबर घेऊन अधिकृत विक्रेत्याकडून भाग स्वतः आणायचा, आणि जुना भाग परत मागायचा. भागातला नफा गेल्याने मेकॅनिकने मजुरी थोडी जास्त लावली तर ती आनंदाने द्या, त्याचंही पोट आहे. चालता चालता गाडी अचानक बंद पडणं, गार झाल्यावर मुकाट्याने सुरू होणं, अशा भुताटकीसाठी मात्र स्कॅनर आणि वायरिंग समजणारा माणूस हवा. क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) गरम झाल्यावर दगा देतो, किंवा पावसाळ्यात अर्थिंगचं टोक गंजतं. डिझेल गाडी असेल तर इंजेक्टरचं काम थेट पंप-इंजेक्टरच्या लॅबमध्ये न्यावं.

निदान पक्कं झालं आणि अंदाजपत्रक मोठं आलं, तर ठेवायची की विकायची? ‘गाडीची किंमत दीड लाख आणि खर्च पन्नास हजार, म्हणजे परवडत नाही’ हा हिशेब अपुरा आहे. तुलना पुढच्या गाडीच्या वर्षभराच्या खर्चाशी करायला हवी. सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता १२,४५० रुपयांच्या आसपास बसतो, म्हणजे वर्षाला दीड लाख. त्यात नव्या गाडीचा जास्तीचा विमा आणि उतरत जाणारी किंमत धरा. विम्याच्या तक्त्यात तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची घसरण ४० टक्के धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याने नवी गाडी स्वस्त झाली हे खरं. पण सुट्या भागांवरही आता १८ टक्केच आहे. पैशाच्या बाजूने पाहिलं तर जुनी गाडी बऱ्याचदा जिंकते.

तरीही काही वेळा मी विकाच म्हणेन. कोकणात किंवा समुद्राजवळ राहिलेल्या गाडीचा सांगाडा, सस्पेन्शन जोडलेली जागा गंजून पोखरली असेल, तर इंजिन कितीही गोड चालो, ती ठेवू नये. इंजिन ऑईल पितंय आणि गिअरबॉक्सही आवाज करतोय, असं दोन्हीकडून आलं तर तसंच. भाग मिळेनासे झाले असतील तेव्हाही. शेवर्ले भारतातून गेली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशा गाडीचा रोजचा माल मिळेल, पण एखाद्या कंट्रोल युनिटसाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोध घ्यायची तयारी हवी. आणि गाडीत वृद्ध आई-वडील असतात, रात्री-अपरात्री दवाखान्याचा रस्ता धरावा लागतो, अशा घरात भरवसा उडालेली गाडी स्वस्त असूनही ठेवू नये. त्या घरात हप्ता म्हणजे उधळपट्टी नाही.

नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली असतील तर मोठं काम काढण्याआधी थांबा. १ एप्रिल २०२२ पासून फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आहे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीत पास व्हायला पत्र्याचं, ब्रेकचं, धुराचं काम निघतं ते वेगळं. त्यापेक्षा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी देऊन मिळणारं प्रमाणपत्र नव्या गाडीच्या रोड टॅक्सच्या सवलतीसाठी वापरता येतं.

विकताना दोष लपवू नका, आणि कागद अर्धवट ठेवून गाडी एजंटच्या हवाली करू नका. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या आणि १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. नवं आरसी पुस्तक खरेदीदाराच्या नावावर झालेलं डोळ्यांनी पाहीपर्यंत एजंटकडे पाठपुरावा सोडू नका.